नाकाखालचं फुलपाखरू

हॉलिवूडची नटी मार्लीन डीट्रिख हिचा १९३२च्या आसपासचा कुठलाही स्टुडिओ फोटो मोठा करून बघा आणि नजर फक्त नाकाखाली न्या. नाकपुड्यांच्या बरोबर खाली एक छोटी सावली दिसेल, दोन्ही बाजूंना सारखी, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. ती वरच्या ओठाकडे उतरते, पण ओठाला टेकत नाही. गालांच्या हाडांखाली खळगे, पापण्यांच्या सावल्या गालावर, डोळ्यांत वरच्या बाजूला एकच चमकता ठिपका. हे सगळं एका दिव्याचं काम आहे. तो दिवा समोर, नाकाच्या सरळ रेषेत आणि बराच उंच ठेवलेला असतो. डीट्रिख पॅरामाउंट स्टुडिओची, म्हणून या पद्धतीला आजही पॅरामाउंट लायटिंग म्हणतात. 'शांघाय एक्स्प्रेस'साठी छायाचित्रकार ली गार्म्स यांना ऑस्कर मिळालं, त्यातही तिच्या चेहऱ्यावर हाच उजेड आहे. दिग्दर्शक योझेफ फॉन श्टर्नबर्ग यांच्याबरोबर काम करता करता डीट्रिख स्वतः दिव्यांची इतकी जाणकार झाली की सेटवर आरसा ठेवून आपल्यावर उजेड कसा पडतोय ते ती तपासून घ्यायची.

नव्वद वर्षांपूर्वीचे हे चेहरे आजही नजर धरून ठेवतात, कारण त्या चौकटीतली एकही गोष्ट आपोआप घडलेली नाही. रीटा हेवर्थचं मूळ नाव मार्गारिटा कान्सिनो. तिच्या कपाळावरची केसांची रेषा इलेक्ट्रोलिसिसने मागे नेली, काळे केस तांबूस रंगवले आणि मग तिला तारका म्हणून पुढे आणलं. जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर भरपूर तिळासारखे तांबूस ठिपके होते, छापलेल्या फोटोत एकही नाही. एवढी मेहनत घेऊन घडवलेली गोष्ट तशीच मेहनत घेतली तर पुन्हा घडवता येते, हा या लेखाचा मुद्दा. त्यासाठी लॉस एंजेलिसला जावं लागत नाही. सोलापुरातल्या एखाद्या १० बाय १४च्या खोलीत, एक चांगला दिवा आणि दोन तास असले की काम होतं.

आपल्याकडेही हा उजेड परका नाही. बॉम्बे टॉकीजमध्ये देविका राणीचा चेहरा उजळणारे छायाचित्रकार योझेफ विर्शिंग जर्मनीतून आले होते. आणि सोलापूरच्या लेकीचं नाव इथे घ्यायलाच हवं. शशिकला यांचा जन्म इथला. त्यांचे कृष्णधवल काळातले क्लोजअप पाहिले तर उंचावरचा दिवा आणि केसांमागची झळाळी लगेच ओळखू येते.

सगळ्यात जास्त चूक उजेडाच्या जातीत होते. जुनं हॉलिवूड म्हणजे मऊ, धुक्यासारखा उजेड, असा समज आहे. म्हणून लोक लग्नाच्या शूटिंगचा सॉफ्टबॉक्स किंवा पांढरी छत्री लावतात, आणि मग चेहरा सपाट का दिसतो ते कळत नाही. स्टुडिओत वापरायचे ते फ्रेनेल दिवे. त्यांच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची जाड काच असते आणि उजेड कडक, काठ असलेला पडतो. तो मऊपणा मेकअपमधून, लेन्सपुढच्या जाळीतून आणि निगेटिव्हवरच्या पेन्सिलीतून यायचा. उजेड मऊ केला तर नाकाखालचं फुलपाखरू विरघळतं आणि गालाचे खळगेही त्याच्याबरोबर जातात.

आज ६० ते १०० वॅटचा सीओबी एलईडी (एकाच छोट्या चकतीतून उजेड देणारा) आणि त्याला लागणारी फ्रेनेल जोडणी घेतली की पुरे. फ्रेनेल नसेल तर दिव्याबरोबर येणारा उघडा चंदेरी रिफ्लेक्टर वापरा, पण डिफ्युझर काढून. मांडवातला १००० वॅटचा हॅलोजन स्वस्तात भाड्याने मिळतो आणि त्याचा उजेडही चांगला असतो. मात्र एप्रिल-मे महिन्यांत बाहेर चाळिशी ओलांडलेली असताना बंद खोलीत तो लावणं म्हणजे बसणाऱ्या माणसाचे हाल. दहाव्या मिनिटाला कपाळावर घाम येतो, पावडरचे थर होतात आणि डोळे बारीक होतात. हॅलोजनच वापरायचा तर पहाटे सहा ते आठ या वेळात वापरा.

आता मापं. भिंतीपासून ५ फुटांवर पाठ नसलेलं स्टूल ठेवा. पाठ असलेल्या खुर्चीत माणूस रेलतो आणि मान आखडते. कॅमेरा चेहऱ्यापासून ७ फुटांवर, डोळ्यांच्या पातळीला किंवा दोन बोटं खाली. दिवा कॅमेऱ्याच्या रेषेतच, पण त्याच्या पुढे आणि वर: चेहऱ्यापासून आडवं अंतर ४ फूट, डोळ्यांपासून उंची ३ ते साडेतीन फूट. बसलेल्या माणसाचे डोळे साधारण ४ फुटांवर येतात, म्हणजे दिवा सात-साडेसात फुटांवर जातो. आरसीसीच्या फ्लॅटमध्ये अडचण येत नाही. जुन्या माळवदाच्या घरात छत आड आलं तर दिव्याऐवजी माणूस खाली आणा, पाटावर बसवा.

मग सावली वाचा. नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली जी पन्हाळी आहे, तिच्या निम्म्यापर्यंत सावली आली की दिवा जागेवर आहे. ओठाला टेकली तर मिशीसारखी दिसते, दिवा चार-सहा इंच खाली घ्या. सावली दिसतच नसेल तर दिवा खाली आहे आणि चेहरा आधार कार्डावरच्या फोटोसारखा सपाट येईल. सावली एका बाजूला झुकली तर दिवा मध्यावर नाही. डोळे खोल असतील तर खोबणी काळ्या पडतात. तिथे दिवा खाली आणण्याआधी हनुवटी बोटभर वर करायला सांगा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. आणि हे कायम लक्षात असू द्या की दिवा नाकाच्या मागोमाग फिरतो. चेहरा डावीकडे वळवला आणि दिवा तिथेच राहिला, तर फुलपाखराचा एक पंख गळून पडतो. दर पोझला दिवा हलवायचा कंटाळा केला की फोटो फसलाच.

खालून थोडा उजेड परत फेकायला २ बाय ३ फुटांचा थर्माकोल मांडीवर आडवा धरा. चेहऱ्यापासून सव्वा ते दीड फूट. त्याहून जवळ आणला तर हनुवटीखालची सावली पुसली जाते आणि डोळ्यांत खालच्या बाजूला दुसरा पांढरा ठिपका उमटतो. थर्माकोल नसेल तर आपल्याकडचा पांढरा टर्किश टॉवेल पुठ्ठ्यावर ताणून लावा. त्याचे फासे उजेड चहूकडे विखुरतात, त्यामुळे परतावा थर्माकोलपेक्षा कमी आणि सौम्य येतो. नितळ त्वचेला थर्माकोल चालतो, खड्डे-व्रण असलेल्या त्वचेला टॉवेलच बरा.

भिंत काळी करायची गरज नाही. दिव्यापासून आडव्या अंतराने चेहरा ४ फुटांवर आणि भिंत ९ फुटांवर असेल तर भिंतीवर चेहऱ्याच्या एक तृतीयांशाहून कमी उजेड पोचतो. क्रीम रंगाची भिंतसुद्धा फोटोत छान राखाडी उतरते. तेच माणसाला भिंतीला टेकवून बसवलं की भिंतही तेवढीच उजळ आणि वर डोक्याची सावली तिच्यावर.

केसांमागचा दिवा हा हॉलिवूडच्या पुस्तकातून जसाच्या तसा उचलता येत नाही. तिथल्या जीन हार्लो या नटीचे केस जवळजवळ पांढरे. तिथे मागचा दिवा मुख्य दिव्याच्या निम्मा असला तरी केस पेटल्यासारखे दिसतात. आपले काळे केस उजेड गिळतात. त्यामुळे मागचा दिवा मुख्य दिव्याइतकाच, कधी दीडपट लागतो. तो डोक्याच्या मागे, एका बाजूला, ७ फुटांवरून खाली रोखा आणि त्याच्या पुढच्या बाजूला काळ्या कार्डशीटची पट्टी क्लिपने लावा, म्हणजे उजेड लेन्समध्ये शिरणार नाही. नाकाच्या शेंड्यावर किंवा कानाच्या पाळीवर पांढरा डाग दिसला तर हा दिवा फार पुढे आला आहे. हॉलिवूडच्या नट-नट्यांचे फोटो काढणारे जॉर्ज हरेल यांनी मायक्रोफोनच्या लांब दांड्यावर दिवा बसवून तो थेट डोक्यावर तरंगत ठेवायची युक्ती काढली होती. स्टँड फोटोत येत नाही हा तिचा फायदा. इथे दोन खिडक्यांच्या गजांवर आडवा बांबू बांधून तेच साधतं, फक्त दिव्याला सुतळीचा दुसरा फास हवाच.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. फुल-फ्रेमवर ८५ मिमी, क्रॉप सेन्सरवर ५० मिमी, मोबाइलवर २ किंवा ३ पट लेन्स. मोबाइलच्या नेहमीच्या रुंद लेन्सने जवळ जाऊन काढलं की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो सुटे केस कापून टाकतो. सुरुवात आयएसओ ४००, एफ ४ आणि १/१०० सेकंदाने करा. शटर मुद्दाम १/१०० किंवा १/५०च ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १/२५० ठेवलं की फोटोवर आडवे काळसर पट्टे येतात, आणि बरेच जण कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात.

आता त्वचा आणि रंग. इथे मराठी घरातली एक खूण उपयोगी पडते. पणजीचा फार जुना फोटो असेल तर त्यातलं कुंकू बघा. ते काळंकुट्ट दिसतं. कारण त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ काळे उमटायचे, तांबूस गाल मळकट आणि निळे डोळे पांढरट. म्हणून मूकपटांतल्या नट्यांचा मेकअप इतका विचित्र असे. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात सगळे रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली, बोलपटाबरोबर गुणगुणणारे आर्क दिवे मागे पडून बल्बचे दिवे आले, आणि मॅक्स फॅक्टर यांनी १९२८ मध्ये या नव्या जोडीसाठी नव्या छटांचा मेकअप काढला. पॅन-केक मेकअप हा त्यानंतरचा, रंगीत टेक्निकलरसाठी बनलेला.

डिजिटल फोटो कृष्णधवल करताना हाच खेळ तुमच्या हातात असतो. लाल आणि नारिंगीचा स्लायडर वाढवला की त्वचा उजळते आणि मुरमांचे डाग विरतात. पण लाल जास्त वाढवलं तर ओठ चेहऱ्यात विरघळतात आणि कुंकू गायब होतं. सवाष्ण बाईचा इतका निगुतीनं काढलेला फोटो, आणि कपाळ मोकळं, हे घरात कुणालाच आवडणार नाही. लाल १५, नारिंगी १०च्या पुढे जाऊ नका. टिकली गडद मरून किंवा काळी लावा, लिपस्टिकही वाइनच्या रंगाकडे झुकणारी घ्या. 

आणि कृपा करून या स्लायडरने कुणाला गोरं करू नका. सावळ्या त्वचेवर कडक उजेडाची जी लकेर उमटते, गालाच्या हाडावर, खांद्यावर, ती गोऱ्या त्वचेवर तितकी खोल दिसत नाही. हरेल यांना जाड मेकअप नको असे, त्यांना त्वचेचीच चमक हवी असे. चेहरा धुऊन, फाउंडेशन न लावता, गालाची हाडं, पापण्या आणि कॉलरबोन यांवर बदाम तेलाचा एक थेंब बोटाने टेकवा. एकच थेंब. कपाळ आणि नाकाचा शेंडा कोरडा ठेवा, नाहीतर तिथे पांढरे चट्टे येतात.

कपड्यांच्या बाबतीत सोलापूरकरांना समजावणं सोपं आहे, कारण ताणा-बाणा इथे लहान मुलालाही कळतो. तिशीच्या दशकातले ते अंगावरून पाण्यासारखे ओघळणारे साटीनचे गाऊन उरेब कापलेले असत, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याला ४५ अंशांत. तिरप्या ओढीत धागे एकमेकांवर सरकतात, कापड ताणलं जातं आणि अंगाला धरून राहतं. पॅरिसच्या ड्रेस डिझायनर मॅडलेन व्हिओने यांनी ही कापणी नावारूपाला आणली, आणि एमजीएम स्टुडिओचे वेशभूषाकार एड्रियन यांनी ती हार्लोच्या अंगावर अजरामर केली. साटीनच का, तर कृष्णधवलात रंग कामाला येत नाही, चमक येते. साटीनच्या प्रत्येक घडीवर एक पांढरी रेघ आणि तिच्या कडेला काळी खोली मिळते.

शिवायचं असेल तर कापड नेहमीच्या दीडपट धरा. दुहेरी घडी घालून कापू नका, खालचा थर सरकतो. टाचण्या फक्त शिलाईच्या मायेत लावा, साटीनवर पडलेलं भोक बुजत नाही. ९ किंवा ११ नंबरची नवी सुई घाला. आणि खालची पट्टी दुमडण्याआधी ड्रेस पूर्ण एक दिवस-रात्र हँगरवर लटकत ठेवा. उरेब कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, पण सगळीकडे सारखं नाही. घाईत आधीच दुमडलं तर दुसऱ्या दिवशी घेर नागमोडी दिसतो. रीटा हेवर्थचा १९४६च्या 'गिल्डा'मधला काळा साटीन गाऊन मात्र वेगळ्या जातीचा. वेशभूषाकार ज्याँ लुई यांनी त्याच्या आत ताठ कांब्यांचा सांगाडा बसवला होता, म्हणून खांद्याला पट्टी नसतानाही ती त्यात मोकळेपणाने नाचू शकली. तो शिवायला अनुभवी हात हवा. साडीच नेसायची तर साधी साटीन किंवा क्रेप घ्या, जरीशिवाय. जरीचे काठ कडक उजेडात ठिपक्या-ठिपक्यांनी चमकतात आणि नजर चेहऱ्यावरून खेचून नेतात. इरकलचा काठ सुंदर असतो, पण या उजेडासाठी नाही.

केसांच्या लाटांसाठी जवस घ्या. चटणीतून उरलेला पाव वाटी पुरे, पण भाजलेला नको, कच्चा. दोन वाट्या पाण्यात ७-८ मिनिटं उकळा, तार सुटू लागली की गरम असतानाच सुती कापडातून गाळा. गार झालं की गाळलंच जात नाही. आदल्या रात्री केस दोनदा शाम्पूने धुवा, कंडिशनर नाही. खोबरेल तेलाचा अंश राहिला तर लाट धरत नाही. ओलसर केसांची इंचभर बट घ्या, जवसाचं पाणी लावा, बोटावर गोल गुंडाळून डोक्याला चपटी टेकवा आणि क्लिप लावा. पहिल्या ओळीतल्या सगळ्या बटा एका दिशेने, दुसऱ्या ओळीतल्या उलट दिशेने. दिशा उलटल्यामुळेच लाट तयार होते. सहा ते आठ तास पूर्ण वाळू द्या. आतून किंचित ओल राहिली तर अर्ध्या तासात सगळं सरळ होतं. क्लिपा काढल्यावर डोकं मेंढीसारखं दिसतं आणि बहुतेक जणी तिथेच घाबरून थांबतात. थांबू नका, ब्रशने दाबून विंचरा. कुरळेपणा मोडून लाटा एकमेकींत बसतात तेव्हाच तो आकार येतो. वेरॉनिका लेक या नटीसारखी एका डोळ्यावर बट ओढायची असेल तर ती फोटोपुरती. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचे तसे मोकळे केस यंत्रात अडकण्याचा धोका होता, म्हणून अमेरिकी सरकारनेच तिला केशरचना बदलायला सांगितलं आणि तिने बदलली. यंत्रमागाच्या गावात याचं कारण वेगळं सांगायला नको.

पोझबद्दल एकच सांगतो. त्या काळची फिल्म मंद, कॅमेरा ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हचा, आणि पुढून मागेपर्यंत सगळं फोकसमध्ये यावं म्हणून लेन्सचं छिद्र लहान. एक्स्पोजर लांबायचं, म्हणून हनुवटी हातावर, डोकं उशीवर, पाठ कशाला तरी टेकलेली. त्यातूनच ती निवांत, रेललेली अदा जन्माला आली. आज गरज नसली तरी आधार द्या. तोल सांभाळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत तो ताण दिसतो. डोळ्यांत भाव कसा आणायचा याचं उत्तर 'क्वीन क्रिस्टिना'च्या शेवटच्या दृश्यात आहे. दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांनी ग्रेटा गार्बोला काहीही विचार करू नकोस असं सांगितलं होतं. ‘हसा’ म्हणण्यापेक्षा ‘श्वास सोडा’ म्हणा आणि सोडून झाल्यावर बटण दाबा.

निगेटिव्ह ८ बाय १०ची, म्हणजे पाटीएवढी मोठी, म्हणूनच तिच्यावर हाताने काम करता यायचं. निगेटिव्हच्या इमल्शनच्या बाजूला रिटचिंग मीडियमचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे पेन्सिल धरायला खरखरीतपणा येतो. मग इंचभर लांब टोक काढलेल्या कडक पेन्सिलीने सुरकुतीच्या किंवा तिळाच्या जागी स्वल्पविरामाएवढ्या रेघा. निगेटिव्हवर जे गडद होतं ते छापल्यावर उजळतं, त्यामुळे पेन्सिल फक्त काळं पुसते. पांढरा डाग काळा करायचा तर पात्याने इमल्शन खरवडायचं, आणि तिथे हात घसरला की निगेटिव्ह गेली. क्रॉफर्डच्या चेहऱ्यावरचे ठिपके असेच एकेक करून पुसलेले आहेत. आपल्याकडच्या जुन्या फोटो स्टुडिओंतही खाली आरसा बसवलेलं तिरपं रिटचिंग डेस्क असे, काम तेच.

त्या पेन्सिलीला सगळ्यात जवळचं आजचं काम म्हणजे डॉज आणि बर्न, म्हणजे फोटो एडिटिंगच्या ब्रशने एकेक जागा उजळणं आणि गडद करणं. ब्रश मऊ, फ्लो २ ते ३ टक्के, फोटो १०० टक्के मोठा करून एकेक डाग. चेहऱ्याला तासभर लागतो. ब्युटी फिल्टर एका झटक्यात सगळी रंध्रं पुसतो आणि चेहरा मेणाचा होतो, कारण डाग आणि त्वचेचा पोत यांतला फरक त्याला कळत नाही. दर पाच मिनिटांनी फोटो लहान करून बघा. डोळ्यांखालची रेघ पूर्ण काढू नका, निम्मी ठेवा. मान आणि हात विसरू नका, चेहरा पंचविशीचा आणि हात चाळिशीचे, असं फार वेळा दिसतं.

लेन्सपुढे जाळी लावायची असेल तर काळी नायलॉनची घ्या. पांढरी जाळी काळ्या भागात दूध ओतल्यासारखा पांढुरकेपणा आणते.

छपाईला देताना लॅबवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा. ऑटो करेक्शन बंद ठेवायचं, नाहीतर मशीन तुमचा सगळा काळा रंग उचलून राखाडी करतं. आणि आधी ४ बाय ६ची एक चाचणी प्रिंट. रंगीत कागदावर कृष्णधवल छापलं की हिरवट किंवा गुलाबी झाक येते. ती दिवसाच्या उजेडात, दुकानाबाहेर येऊन बघा, ट्यूबलाइटखाली कळत नाही. झाक गेली की ८ बाय १०, मॅट कागदावर. फ्रेम करताना काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंटची पट्टी राहू द्या, पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटते. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी कुठलीही निवडा.